नाव कापून घेणारा माणूस

रेशनिंग ऑफिसात माणसं येतात ती कार्डावर नाव वाढवायला. वारलेल्या सासऱ्याचं नाव सात वर्षं तसंच ठेवून त्याच्या वाटणीची साखर खाणारी माणसं मी पाहिली आहेत. लग्न होऊन नागपूरला गेलेल्या मुलीचं रॉकेल इथे जाळणारी पाहिली आहेत. एका महाभागाने तर घरातल्या कुत्र्याला 'मोती गणपत' करून अर्धं युनिट, म्हणजे लहान पोराचा रेशनचा वाटा, मिळवला होता, आणि मी चौकशीला गेले तेव्हा मोती माझ्यावरच भुंकला. पण स्वतःचं नाव कापून घ्यायला आपल्या पायांनी चालत आलेला माणूस सगळ्या नोकरीत मी एकच पाहिला. तो नेमका आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होता.

वासुदेव खवणेकर. मूळचे मालवणकडचे. मालवाहू जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. नऊ-दहा महिने समुद्रावर, मग तीन-चार महिने घरी, अशी त्यांची वर्षं जायची. घरात बायको सुमतीवहिनी आणि एकुलती एक मुलगी शैला. बोरिवली पूर्वेला हाउसिंग बोर्डाची आमची सहा नंबरची बिल्डिंग. मी रेशनिंग इन्स्पेक्टर, त्यामुळे बिल्डिंगमध्ये मला सगळे इन्स्पेक्टरीण म्हणत. खवणेकर मात्र नुसतं 'बाई' म्हणायचे, आणि ते मला बरं वाटायचं.

ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. एक दिवस ते माझ्या टेबलासमोर उभे. हातात अर्ज, सुवाच्य अक्षरात. मी जहाजावर जात असल्याने माझे एक युनिट कमी करावे, ही विनंती. मी तो दोनदा वाचला. आमच्या हेडक्लार्कने वाचला आणि कागद उलटा करून मागेही काही लिहिलंय का ते पाहिलं. असला फॉर्मच आमच्याकडे नव्हता. मी म्हटलं, अहो राहू दे की, वहिनींना जरा साखर पुरेल.

"मी हंय नसताना माझी साखर कोण खातलो?" त्यांनी विचारलं.

वहिनी खातील, शैला खाईल, मी म्हटलं. तर म्हणाले, त्यांची त्यांना आहे की. शेवटी मी कार्डावर लाल शाईने 'तात्पुरते कमी' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. दहा महिन्यांनी बोटीवरून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी जहाजाचं पुस्तक घेऊन नाव परत लावायला हजर. पुढच्या वेळी परत कापायला. असं दरवर्षी.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, काय सरळ माणूस आहे. मी म्हटलं, याचा डाव काय आहे? संशय घेणं हा माझा पगारी धंदा होता. आणि तो धंदा मी ऑफिसात ठेवून घरी येत नसे. आमचे हे म्हणायचे, अगं घरी तरी चष्मा काढ. पण तो चष्मा नाकावर नव्हताच, डोळ्यांतच बसला होता, काढणार कुठून?

खवणेकरांवर संशय घ्यायला जागाही होती. हा माणूस बारा महिने पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. कॉलरचं बटण लावलेलं, मनगटांची बटणं लावलेली. मे महिन्यात लाइट गेली की बिल्डिंगमधले झाडून सगळे पुरुष गंजीफ्रॉकवर गॅलरीत यायचे. खवणेकर कडक इस्त्रीत, घामाने थबथबलेले, पण बटण काही सुटायचं नाही. गणपती विसर्जनाला सगळे शर्ट कमरेला बांधून तलावात उतरत, हे काठावर निर्माल्याची पिशवी धरून उभे. पिशवीला मात्र अशी गाठ मारलेली असायची की ती सोडायला परत त्यांनाच बोलवावं लागे. बोटीवरच्या माणसांबद्दल तेव्हा लोक काय काय बोलायचे. माझी खात्री होती की त्या बाह्यांत मनगटापासून कोपरापर्यंत चोरटी घड्याळं बांधलेली आहेत. एकदा जिन्यात मी मुद्दाम त्यांच्या हाताला कान लावल्यासारखं केलं. टिकटिक काही ऐकू आली नाही.

दुसरी खोड पाट्यांची. दिसेल ती पाटी हा माणूस उभं राहून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचायचा. आणि तिच्यात लिहिलेलं पाळायचा. सोसायटीचे चेअरमन कर्णिक, रिटायर्ड हेडमास्तर, त्यांनी जिन्यात पाटी लावली होती, 'जिन्यात मोठ्याने बोलू नये'. लावून झाल्यावर ती कर्णिकही विसरले. खवणेकर मात्र जिन्यात भेटले की कुजबुजत बोलायचे. मला वाटायचं, हा माणूस माझ्याशी असं चोरून का बोलतोय? पाटी लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. एकदा आम्ही दोन्ही घरं मिळून नॅशनल पार्कात गेलो होतो. तिथे 'गवतावर चालू नये' अशी पाटी. गवत कधीच मरून गेलं होतं, नुसती माती. सगळी मुंबई त्या मातीवर चादरी पसरून पुरी-भाजी खात होती. खवणेकर, त्यांच्या मागे वहिनी, मागे शैला, असे तिघे कडेच्या विटांवरून एका रांगेत चालले होते.

खोटं तर त्यांना बोलताच यायचं नाही. मी दिवाळीत गुलाबजाम नेऊन दिले आणि कसे झालेत विचारलं. म्हणाले, "कडक." आणि दुसरा उचलला. मला राग आला, पण गुलाबजाम कडकच होते.

आता मूळ गोष्ट. त्र्याऐंशीच्या आसपासचं साल. रविवारी दुपारी गच्चीवर सोसायटीचा सत्यनारायण. वर कापडी मांडव, सगळे पंगतीने शिऱ्याचा प्रसाद खात बसलेले. खवणेकर नुकतेच जहाजावरून आले होते. कर्णिकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, काय सारंग, यंदा कुठली स्वारी? नेहमीचं उत्तर ठरलेलं असायचं, पोर्ट सगळी सारखीच, क्रेन आणि पाऊस. पण त्या दिवशी खवणेकर हसले. हसले म्हणजे एकटेच, आतल्या आत, आठवून हसतात तसे. मी शिऱ्याचा घास तसाच हातात धरला. हा माणूस असा हसलेला मी कधी पाहिला नव्हता.

म्हणाले, युगोस्लाव्हियात होतो. जहाज दुरुस्तीला लागलं होतं, सहा आठवडे. एड्रियाटिक म्हणून समुद्र आहे. तिथल्या यार्डातला एक म्हातारा वेल्डर, स्टिपे त्याचं नाव, तो रविवारी मला किनाऱ्यावर घेऊन गेला. आधी बस, मग सुरूसारख्या झाडांतून तासभर चाल. खाली वाळू नाही, नुसते पांढरे गोटे. गावापासून लांब, एकीकडे. आणि वाटेत एक पाटी.

कोणीतरी विचारलं, पाटीवर काय होतं?

"चड्डीचं चित्र," खवणेकर म्हणाले. "वर लाल फुली."

एक क्षण कोणाला काही कळलं नाही. मग कर्णिकांचा धाकटा भाऊ खो खो हसायला लागला आणि हळूहळू गच्चीच्या डोक्यात प्रकाश पडला. खवणेकर आपले सांगतच होते. पूर्ण कुटुंबंच्या कुटुंबं होती म्हणे. आजोबा पेपर वाचत होते. एक म्हातारी लोकर विणत होती. कोणी मासे भाजत होता. सगळी नागडी. कर्णिकांनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "आणि तुम्ही?"

"पाटी होती ना," खवणेकर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काढले."

आणि त्यांनी राहिलेला शिरा खाल्ला. सुमतीवहिनी उठून रिकाम्या वाट्या गोळा करायला लागल्या. शैलाने मान इतकी खाली घातली होती की तिच्या वेणीचं टोक प्रसादात पडलं.

झालं. बिल्डिंगची वाट लागली. आठ दिवसांत सरळ दोन पक्ष पडले. एक निर्लज्ज पक्ष, म्हणजे हा माणूस आतून भलताच आहे, बायकापोरींनी जपून राहावं असं म्हणणारा. खवणेकर गच्चीवर निघाले की या पक्षातल्या बायका दोरीवरचे अर्धओले कपडे काढून खाली पळत. त्यांनी आणलेली चॉकलेटं पोरांच्या हातातून काढून घेऊ लागल्या. दुसरा थापाड पक्ष, म्हणजे असलं काही झालंच नाही, बोटीवरच्या गप्पा या, असं म्हणणारा. या दुसऱ्या पक्षाची संस्थापक मी. माझा हिशेब साधा होता. जो माणूस मे महिन्यात घरच्या गॅलरीत गळ्याचं बटण सोडत नाही, तो परमुलखात शंभर लोकांसमोर कपडे काढेल? दोन्हींतलं एक खोटं. एकतर बटण, नाहीतर किनारा. हे मी कर्णिकबाईंना सांगितलं, आणि त्यांना सांगितलं म्हणजे कुठलीच पाटी लावायची गरज उरत नाही.

या सगळ्यात मरण होत होतं ते शैलाचं. तेवीस वर्षांची पोर, बँकेत टायपिस्ट, हसरी, कामाला वाघ. तिला बघायला दोन ठिकाणांहून येऊन गेले होते. दोन्हीकडून होकार येता येता थांबला. आपल्याकडे मुलाकडचे आधी चोरून चौकशीला येतात. खालच्या वाण्याला विचारतात, जिन्यात भेटेल त्याला विचारतात. आणि आमच्या जिन्यात आता एकच विषय होता. सुमतीवहिनी माझ्याकडे येऊन बसायच्या, चहा निवून जायचा, एकदाच म्हणाल्या, ह्यांनी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आतून मात्र विचार करत होते की ही बाई काहीतरी लपवते आहे. खरंच, काय माणूस होते मी.

त्याच सुमारास कार्ड तपासणीच्या मोहिमेवर माझी तीन महिन्यांसाठी मुलुंडला बदली झाली. एक दिवस, सकाळचे अकरा वाजलेले, मी दप्तर काखेत मारून एका गल्लीत शिरते तो समोरून खवणेकर. पांढरा शर्ट, बटणं लावलेली, हातात कापडी पिशवी. आदल्याच दिवशी वहिनी म्हणाल्या होत्या, हे उद्या शिपिंग ऑफिसला जाणार आहेत. शिपिंग ऑफिस कुठे, मुलुंड कुठे? आणि तिथल्या तिथे माझ्या डोक्यात सगळी साखळी जुळली. हा माणूस बोरिवलीच्या कार्डावरचं नाव का कापतो? कारण मुलुंडच्या कार्डावर लावायचं असतं. दोन कार्डं, दोन घरं, दुसरी बाई. असली प्रकरणं मी डझनभर पकडली होती. इतका आनंद झाला मला, काय सांगू. तीन वर्षांचं कोडं सुटलं होतं.

मी मागे लागले. एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर ते शिरले. दारावर कसलीशी पाटी होती. मी आयुष्यभर लोकांना पाट्यांवरून हसले आणि ती एक पाटी वाचली नाही. कडी वाजवली. एका म्हाताऱ्या बाईने दार उघडलं. मी दप्तर पुढे करून म्हटलं, रेशनिंग ऑफिस, कार्ड तपासणी. सरकारी आवाज ऐकून ती बिचारी बाजूला झाली. मी तडक आत, बाहेरची खोली, मधली खोली, आणि मागच्या गॅलरीच्या दारात जाऊन थांबले.

गॅलरीत ऊन भरलं होतं. तीन पुरुष उघड्या अंगाने, उन्हाकडे पाठ करून स्टुलांवर बसले होते. एक वैद्य त्यांच्या पाठीवर काळा लेप लावत होता. मधली पाठ खवणेकरांची होती. मानेखालून कमरेपर्यंत, दोन्ही खांद्यांवर, दंडांवर पांढरे डाग, मोठे मोठे, एकात एक मिसळलेले. कोड. अजून लेप न लावलेली एक बाजू उन्हात लालसर दिसत होती.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दचकले नाहीत. वैद्याला म्हणाले, जरा थांबा. मग उठले, खुंटीवरचा शर्ट घेतला, लेपावरच चढवला, आणि खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावलं. मी तिथून हललेसुद्धा नाही. आपण दुसऱ्याच्या घरात नव्हे, दुसऱ्याच्या अंगात घुसलो आहोत असं वाटलं मला, आणि स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

खाली कोपऱ्यावर उसाच्या रसाचं दुकान होतं. त्यांनीच मला तिथल्या बाकावर बसवलं, दोन ग्लास मागवले.

"दोन कार्डांसाठी आलात ना, बाई?" ते म्हणाले.

मी हो म्हटलं. त्यांच्याशी खोटं बोलण्याची माझी हिंमत झाली नाही. ते जरासे हसले. मग त्यांनी सांगितलं, एरवी वर्षात बोलले नसते इतकं. विसाव्या वर्षी पाठीवर पहिला डाग आला. तेव्हापासून शर्ट. जहाजावर इंजिनाच्या धगीत शर्ट, केबिनमध्ये झोपताना शर्ट. सुमतीवहिनींना लग्नाआधी सांगितलं होतं, त्या हो म्हणाल्या. पण शैलाचं कळेना. तिला स्वतःला काही नाही. पण हे बाहेर फुटलं तर कोण विचारणार आहे? इथे ते पुरते मालवणीत उतरले.

"लोक चेडवाक बघूक येतत, बाई. पण बघतत बापाशीची पाठ."

मी विचारलं, मग तिथे, त्या किनाऱ्यावर कसे काय काढलेत? त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. म्हणाले, पाटी वाचून मी मागेच फिरणार होतो. पण तोवर सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकटा मीच कपड्यांत होतो ना. आयुष्यभर भीती होती की शर्ट काढला तर लोक बघतील, आणि तिथे शर्ट होता म्हणून बघत होते. तेव्हा काढला. स्टिपे पलीकडे सिगारेट शिलगावत बसला. कोणीही बघेना. मग ती लोकर विणणारी म्हातारी उठून माझ्याकडे आली. मला वाटलं, झालं, आता ही हाकलणार. तिने माझ्या पाठीला बोट लावलं आणि तिच्या भाषेत माझ्यावर ओरडायला लागली. डागांना ऊन सोसत नाही, ते भाजून लाल झाले होते, म्हणून ओरडत होती. पिशवीतून तेल काढलं आणि माझ्या पाठीला चोळलं, दोन्ही खांद्यांना, दंडांना. तोंडाने ओरडणं चालूच. लहानपणी आई न्हाऊ घालताना ओरडायची, तशी.

"तीस वर्षांत सुमतीशिवाय कोणी हात लावला नव्हता मला," ते म्हणाले. "मग मी समुद्रात उतरलो. मालवणचा माणूस, बाई. अख्खा जन्म बोटीवर गेला. आणि उघड्या अंगाने समुद्रात उतरलो तो तिथे."

म्हणून ते गच्चीवर हसले होते. म्हणून न राहवून बोलून गेले होते. मला रडू आलं, आणि मी काही चटकन रडणाऱ्यांतली बाई नाही. म्हटलं, मी काही पाहिलं नाही, खवणेकर.

"पाहिलात तर," ते म्हणाले. "खोटं बोलायला सांगत नाय मी. शैलाचं होईपर्यंत गप्प राहा, इतकंच."

मी गप्प राहिले. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं ते आमच्या ह्यांना विचारा. थापाड पक्ष मात्र मी काढलेला तसाच चालू होता, तो आता माझ्या हातात राहिला नव्हता.

दोन महिन्यांनी घाटकोपरचं स्थळ आलं. मुलगा रमेश, औषधांच्या कंपनीत, शैला त्याला पसंत, तो शैलाला. पण घरात शब्द चाले तो त्याच्या मामांचा. मामा गुळगुळीत दाढी केलेले, बोलायला गोड, आणि नजर अशी की मला आमच्या डिपार्टमेंटचाच माणूस वाटला. बोलणीच्या दिवशी खवणेकरांच्या खोलीत मुलाकडचे पाच जण, शेजारचे वडीलधारे म्हणून कर्णिक, आणि वहिनींनी हट्टाने बोलावलेली मी. शैला चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. सगळं जमत आलं होतं. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

म्हणाले, राग मानू नका सारंग, पण कानावर आलंय. परदेशात कुठल्याशा किनाऱ्यावर तुम्ही सगळं काढून बसला होतात. आम्ही साधी माणसं. असे शौक असलेल्या घराशी संबंध जोडायचा म्हणजे जरा विचार करावा लागतो. आणि मग ते पुढे वाकले.

"एकच सांगा. गेला होतात की नव्हता?"

हो म्हटलं तर स्थळ जाणार. पाटी होती म्हटलं तर कोण ऐकणार? का गेलो ते सांगितलं तर हे स्थळ जाणारच, आणि यापुढचं एकही येणार नाही. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे. खवणेकरांनी मांडीवरचा हात जरासा उचलला, मला थांबवायला, आणि मामांकडे बघत म्हणाले,

"नाही गेलो. थाप मारली होती ती."

त्यांच्या तोंडून 'नाय' सोडून 'नाही' मी पहिल्यांदाच ऐकलं. कपाळावर घाम आला होता. म्हणाले, सगळे गच्चीवर विचारत होते, म्हटलं सांगावं काहीतरी. जहाजावरून मी उतरलोच नव्हतो. आणि लावलेलंच मनगटाचं बटण परत एकदा लावून पाहिलं.

कर्णिकांनी मांडीवर थाप मारली. मी म्हणत नव्हतो, असं सगळ्यांकडे बघून म्हणाले. वास्तविक म्हणत होते मी. मामा तर पोट धरधरून हसले. अहो, बोटीवरची माणसं, थापा मारायच्याच, आमचा एक चुलता तर मगरीशी कुस्ती खेळलो म्हणून सांगायचा. लगेच साखर वाटली. थापाड्या व्याही सगळ्यांना चालला. अंगावरच्या डागाचा चालला नसता. मी तोंडात साखर घेतली आणि ती काही केल्या गिळवेना. माझा पक्ष जिंकला होता.

लग्न झालं. ही फसवणूक होती का? माझ्या ऑफिसच्या कायद्याने होती. मी रात्रंदिवस लोकांची खोटी नावं कापणारी बाई, तिथे मात्र गप्प बसून अक्षता टाकल्या, आणि आजही टाकीन.

पण बिल्डिंगमध्ये खवणेकरांची उरलीसुरली पत गेली ती कायमची. कुठलीही गोष्ट सांगा, पोरं लगेच म्हणायची, काका थाप ना? पाणी किती वाजता येणार हे ते सांगायचे ते कोणी धरेना. ही थाप आमच्या ऑफिसातही पोचली होती, पुढच्या खेपेला नाव कापायला आले तर हेडक्लार्कने विचारलं, खरंच जहाजावर निघालात ना सारंग, की घरीच? ज्याने आपल्या वाटणीची साखर सरकारला परत केली त्याला हा प्रश्न. खवणेकर हसले आणि त्यांनी तिकीट काढून दाखवलं. हेडक्लार्कला मी त्या दिवशी इतकं झाडलं की बिचाऱ्याला कारणच कळेना.

हे सगळं मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. खवणेकर मालवणला वारले, त्यांच्या मागोमाग वहिनीही गेल्या. गेल्या वर्षी शैला भेटायला आली होती, आता केस पांढरे झालेत तिचे. मी भीत भीत विषय काढला. तर ती म्हणाली, मावशी, रमेशला बाबांच्या डागांचं मी आधीच सांगितलं होतं, जुहूला पहिल्यांदा भेटलो त्याच दिवशी. तो म्हणाला होता, मला काही फरक पडत नाही, मामा नको म्हणाले तरी मी लग्न करीन. मी ओरडलेच, अगं मग बाबांना का नाही सांगितलंस?

"बोलणी झाल्यावर सांगणार होते," ती म्हणाली. "पण मग वाटलं, आता सांगितलं तर त्यांना कळेल की तो किनाऱ्यावरचा दिवस त्यांनी उगाच घालवला."

मग तिनेच मला सांगितलं की तुम्ही हे लिहा, त्यांचं खरं होतं हे कुठेतरी असू दे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एकोणनव्वदच्या मे महिन्यात. रिटायर होऊन ते कायमचे मालवणला निघाले होते आणि अख्खं कार्डच रद्द करायला ऑफिसात आले होते. पांढरा शर्ट, सगळी बटणं लावलेली. हेडक्लार्कने टोमणा मारलाच, काय सारंग, निघालात का नागड्यांच्या गावाला? रांगेतली माणसं हसली. खवणेकरही हसले, म्हणाले, थाप होती हो ती.

मी मान खाली घालून लाल शाईने नावं कापत होते. वासुदेव, सुमती. शैलाचं आधीच कापलेलं होतं. वर न बघता, फक्त त्यांना ऐकू जाईल असं मी विचारलं, "पाणी कसं होतं हो?"

वाटलं, मलाही म्हणतील, कुठलं पाणी? त्यांनी मागे रांगेकडे एकदा पाहिलं. मग माझ्या टेबलावर वाकले आणि आमच्या जिन्यात बोलायचे तसे कुजबुजत म्हणाले,

"थंड. पण इतका स्वच्छ, बाई, की गळ्यापर्यंत उतरलंय तरी माका माझा सगळा आंग दिसत होता."

त्यांनी पावती घडी घालून खिशात ठेवली. भिंतीवर 'काम झाल्यावर डावीकडील दाराने बाहेर जावे' अशी पाटी होती, ती उभं राहून, ओठ हलवत, पूर्ण वाचली. सगळे उजवीकडूनच बाहेर पडत होते, तेच दार जवळ होतं. खवणेकर वळले आणि डावीकडच्या दाराने गेले.